लंकाबाईची दाढ

लंकाबाई या माझ्या थोरल्या नणंद. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायचं तर आधी आमचं भांडण सांगून मोकळी होते, नाहीतर ते मधेमधे लुडबुडत राहील.

भांडण मिसरीवरून. खर्डा गावाच्या अलीकडे माळावर आमची वस्ती आहे. तिथे आमची दोन घरं आणि मधे एकच अंगण. मी अंगणवाडीत सेविका. दिवसभर लेकुरवाळ्या बायांना सांगायचं की तंबाखूला हात लावू नका, आणि सकाळी स्वतःचं दार उघडलं की वन्संच्या चुलीवर तव्यात तंबाखू भाजलेली, अंगणभर ठसका. ती चुरून त्या डबीत भरत आणि उन्हाला बसून बोटाने दातांना घाशीत. मी बडबडले की म्हणत, "केशर, तुझ्या बाकडं मागाय गेल्ते का मी? मंग गप ऱ्हा." बापाचं नाव निघालं की माझं टाळकं फिरे. मग आमचे हे, आबासाहेब, दोघींच्या तोंडाला लागायला नको म्हणून टोपी घालून बाहेर पडत.

आता चांगलं सांगते. वन्संचा मुलगा सहादेव रांगत होता तेव्हा त्यांचा नवरा वारला. त्या माहेरी आल्या, पण भावाच्या जिवावर बसून राहिल्या नाहीत. दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जात. तोडीला नवराबायकोची जोडी लागते. त्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटं माणूस आलं तर तो अर्धा कोयता. मुकादम त्याला कुठल्याही दुसऱ्या अर्ध्याबरोबर जुंपून देतो. तो पिणारा आहे का, त्याची नजर कशी आहे, हे मुकादम बघत नाही. वन्सं कितीतरी हंगाम अर्धा कोयता होत्या. पोराला झोपवून उशाला कोयता घेऊन झोपायच्या. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून गड्यांच्या बरोबरीने चढायच्या. घरी परतल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. मला एकदाच म्हणाल्या होत्या, "अर्ध्याची लई हलकी गत असती, केशर. कुनीबी हाक मारतंय, कशीबी मारतंय."

म्हणून सहादेवचं लग्न झालं आणि तो सवितासोबत पुरा कोयता होऊन गेला, तेव्हा वन्संनी वस्तीवर साखर वाटली. त्यानंतर त्या घरी राहिल्या. हाडापेराने अजून टणक होत्या. अंगावर चिमूटभर चरबी नव्हती. पन्नाशी उलटली तरी डोक्यावर भरलेली घागर आणि काखेत कळशी घेऊन विहिरीवरून तरातरा येत. बीपी-बिपी हे बसून खाणाऱ्यांचे आजार, असं त्यांचं ठाम मत होतं. आमच्या वस्तीवर सगळ्यांचंच तसं मत आहे, आणि खरं सांगायचं तर तेव्हा माझंही तेच होतं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांची दाढ दुखायला लागली. डावीकडची, खालची. पाणी आणताना जबड्यातून ठणका निघे आणि कानाखाली जाई. त्या घागर उतरवून बांधावर बसत, कमरेची डबी काढून दाढेला मिसरी लावत, आणि थोड्या वेळात ठणका थांबे. म्हणजे औषध लागू पडलं. आधी दिवसातून दोनदा लागणारी मिसरी पाच-सहा वेळा लागू लागली. बाजारच्या दिवशी त्यांनी दात काढणाऱ्याकडून ती दाढ उपटून घेतली. ठणका गेला नाही. मग शेजारची उपटली. तरी नाही. मी म्हणाले, "वन्सं, आता सगळंच बोळकं करून घ्या, मंजी मिसरी लावायला जागा उरायची न्हाई." त्या हसल्या आणि मला चुलीतलं लाकूड दाखवलं.

तेवढ्यात सविताला दिवस गेले, आणि दसऱ्यापर्यंत सातवा महिना लागला. मुकादमाला पुऱ्या कोयत्याचा शब्द आधीच गेलेला, त्याची आगाऊ उचलही घेतलेली. सविता म्हणाली, मी येते, सगळ्याच येतात. ते खरंच आहे. आमच्याकडच्या कितीतरी बाया उसाच्या फडातच बाळंत झाल्या. वन्सं म्हणाल्या, "तू घरी ऱ्हायाचं. कोयता मी पुरा करनार." झालं. त्यांचा शब्द सहादेवने कधी मोडला नव्हता.

टोळी निघायच्या आधी बाया माळावरच्या देवीला पुरणाचा नैवेद्य नेतात. टोळीतलं सगळं माणूस परत येऊ दे, एवढंच मागायचं असतं. त्या वर्षी वन्संबरोबर मीही गेले. टेकडी लहानच, पोरं पळत चढतात. अर्ध्यावर वन्संचा हात गालाला गेला. ताट माझ्या हातात दिलं आणि त्या दगडावर बसून डबी चाचपू लागल्या.

मला काय झालं कोण जाणे. देवीला जाताना तरी हे व्यसन नको, असं वाटलं आणि मी डबी हिसकून खाली बोरीच्या काट्यात फेकून दिली.

वन्संनी मला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. माझं माहेर, माझी नोकरी, माझा स्वयंपाक, काही सोडलं नाही. पण बसूनच देत होत्या, उठवत नव्हतं. आणि शिव्या देतादेता त्या मधेच थांबल्या. गालावरचा हात खाली आला.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाई. गेलं."

"मिसरी तर लावली न्हाई."

आम्ही उठलो. वर थोडं चढलो, तर पुन्हा हात गालाला. मी त्यांना खाली बसवलं. दोघी बसून राहिलो. ठणका आपोआप गेला. देवळापर्यंत असं तीनदा झालं. डबी काट्यात पडलेली, आणि दाढा तर कधीच गेलेल्या.

"वन्सं," मी म्हणाले, "दाताला काय कळतंय, बाई बसली का चालली?"

हे काय आहे ते मला कळलं नव्हतं. दाताचं नाही, एवढंच कळलं. आजवर मिसरीने बरं वाटत नव्हतं. मिसरी लावायला त्या बसत होत्या, म्हणून बरं वाटत होतं. वन्संनाही ते कळलं, कारण त्या देवीपुढे मान खाली घालून उभ्या राहिल्या आणि उतरताना माझा हात धरून म्हणाल्या, "सविता-सहादेवला बोलू नगं. तुला माझी आन हाय."

"मग दवाखान्यात चला."

"टोळी गेल्यावर जाऊ."

"टोळीत तुमीच हाय न्हवं?"

मी धमकी दिली की दवाखान्यात आला नाहीत तर आताच्या आता सहादेवला सांगते. तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर एसटीत बसल्या, आणि वाटभर खिडकीकडे तोंड करून होत्या.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई वयाने माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा बघितला आणि थांबून पुन्हा भरली. प्रेशर खूप वाढलेलं होतं. किती वर्षांपासून ते सांगता येणार नव्हतं, कारण वन्संच्या दंडाला तो पट्टा आयुष्यात पहिल्यांदा लागला होता. मग छातीला चकत्या लावून ईसीजीची पट्टी काढली. पट्टी चांगली आली.

वन्संचा चेहरा उजळला. "बगा. काय न्हाई. चल केशर."

"बसा, मावशी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही आत्ता झोपलेल्या होतात, म्हणून पट्टी चांगली आली. तुमचं दुखणं चालताना येतं." त्यांनी विचारलं, शेतात ठिबकच्या नळ्या आहेत का. भावाच्या आहेत, वन्सं म्हणाल्या. "उन्हात पडून नळी कडक होते, आतून क्षार धरतो. तसंच रक्ताच्या नळ्यांचं. वय झालं की सगळ्यांच्याच थोड्या ताठर होतात. पण तंबाखू आणि प्रेशर दोन्ही असलं की वेळेआधी म्हाताऱ्या होतात. तुमचं वय पंचावन्न असेल, नळ्या पंच्याहत्तरीच्या झाल्यात असं समजा. बसून असताना हृदयाला तेवढं रक्त पुरतं. चढायला लागलात की पुरत नाही, आणि ते जबड्यात दुखतं. बायकांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही."

"मी मोळ्या वाहिल्यात, बाई. लोकं म्हनतात हाडाची काडं झाली. मला कसला हारटचा रोग?"

"कष्टाचा फायदा झालाच. नाहीतर आणखी आधी आला असता. पण मिसरी आणि प्रेशर अंगकाठी बघून येत नाहीत." मग त्या माझ्याकडे वळल्या. नगरला नेऊन तपासणी करा, लवकर. ऊसतोड अजिबात नको. रोजच्या गोळ्या दिल्या, आणि एक वेगळी पुडी माझ्या हातात ठेवली. बसलेलं असताना दुखलं, घाम आला, थांबलं नाही, तर ही गोळी चावून खायला द्यायची आणि एकशे आठला फोन करायचा. वाट बघायची नाही. त्यांनी हे माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

संध्याकाळी मी आण मोडली आणि सहादेवला सगळं सांगितलं. तो आईकडे गेला. आईने पट्टीचा कागद त्याच्यापुढे धरला. "चांगली आली हाय. तुझी मामी उगा घाबरतीया. हंगाम उरकला की जाऊ नगरला." मी ओरडले. माझ्या ओरडण्याची त्या अंगणाला इतकी सवय झालेली की कुणी मान वर केली नाही. सहादेव कागद हातात घेऊन उभा होता. त्यातलं त्याला काही कळत नव्हतं, पण चांगली हा शब्द त्याला हवा होता.

"मंग मी अर्धा जातो," तो हळूच म्हणाला.

वन्सं उठून उभ्या राहिल्या. "मी मेल्यावर जा अर्धा. तोवर न्हाई."

सविता दारात पोटावर हात ठेवून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

टोळीचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी आला. वस्तीवर एकच गडबड. पिठाची पोती, ताडपत्र्या, हंडे, चुली, कुणाच्या कोंबड्या, सगळं वर चढत होतं. मी अंगणवाडी मदतनीसबाईवर सोडून वन्संच्या मागे लागले होते. निदान जड उचलू नका म्हणून सारखी कटकट चालू होती. शेवटी वैतागून त्या वळकटीवर बसल्या. "घे. बसले. झालं तुझं समाधान?"

मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा हात गालावर होता.

"दाढ हाय," त्या म्हणाल्या.

"वन्सं," मी म्हणाले, "तुमी बसल्यात."

त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते. सकाळची वेळ, वारा गार, आणि त्यांचा पदर मानेपाशी ओला झाला होता. ओठ पांढरे पडत चालले होते. मी पुडी फोडली. घाईत गोळी मातीत पडली. पुडीत दुसरी होती. "चावा. गिळू नका, चावा." डाव्या बाजूला चावायला दाढाच उरल्या नव्हत्या. त्यांनी ती जिभेने उजवीकडे ढकलली आणि चावली. मी एकशे आठला फोन लावला आणि पत्ता सांगताना आमच्या वस्तीचं नावच आठवेना. आबासाहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला.

मुकादम म्हणाला, ट्रकमधूनच नेऊ. मी नको म्हणाले. ट्रकमध्ये ना औषध, ना कुणी जाणकार, आणि रस्ता खड्ड्यांचा. तो म्हणाला, गाडी येईस्तोवर बाई ऱ्हायाची न्हाई. हे त्याने वन्संच्या पुढ्यात म्हटलं. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण मी वन्संची पाठ धरून बसले होते आणि ती पाठ सोडायची माझी हिंमत नव्हती. तो खरं बोलत असला तर, हेही मनात येत होतं. डॉक्टरबाईंनी वाट बघू नका म्हणून सांगितलं होतं, आणि मी वाटच बघत होते.

तेवढ्यात सविताने आपलं गाठोडं उचललं आणि ट्रककडे चालायला लागली. फाळक्याला धरून एक पाय वर ठेवला. एवढ्या पोटाने दुसरा पाय वर येईना.

वन्संनी ते बघितलं आणि उठायला लागल्या. त्या अवस्थेत. मी त्यांना दोन्ही हातांनी खाली दाबलं. आयुष्यात त्यांच्या अंगाला मी कधी असा हात लावला नव्हता. "उठलात तर मरताल," मी म्हणाले. "बसा. मी सांगते तिला." त्यांच्या घशातून नुसती घरघर आली. "सविता... उतर."

सहादेव धावला. त्याने बायकोला दंडाला धरून खाली घेतलं, गाठोडं काढून अंगणात टाकलं, आणि आईच्या पायाशी येऊन बसला. ट्रक हॉर्न वाजवत होता. कुणी उठलं नाही. ट्रक गेला, धुरळा खाली बसला, आणि त्यानंतर पुष्कळ वेळाने ॲम्ब्युलन्स आली. किती वेळाने ते मला सांगता येणार नाही. मी फक्त वन्संच्या नाकाशी बोटं धरून होते.

नगरपर्यंतचा रस्ता मी सहादेवबरोबर त्या गाडीत काढला. गाडीतल्या डॉक्टरने पुन्हा पट्टी काढली. या वेळी ती चांगली नव्हती, आणि त्याने तिथूनच नगरला फोन लावला. वन्सं एकदा डोळे उघडून म्हणाल्या, "मेले तर सवितानं जायाचं न्हाई." मी म्हणाले, गप पडा. त्यांनी ऐकलं, आणि त्या गप्प राहिल्याचीच मला जास्त भीती वाटली. आमच्या इतक्या वर्षांत त्या माझं ऐकून कधी गप्प बसल्या नव्हत्या.

मोठ्या दवाखान्यात त्यांना तडक आत नेलं. मनगटातून तार घालून बंद पडलेली नळी उघडली आणि आत जाळीची छोटी नळी बसवली. बाहेर बाकावर मी आणि सहादेव. शेवटी डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, वाचल्या; गोळी चावून खाल्ली ते बरं झालं; हृदयाचा थोडा भाग दुखावलाय; आता मिसरी कायमची बंद, प्रेशरची गोळी कायमची चालू, आणि रोज सपाटीवर चालायचं. सहादेव भिंतीला डोकं टेकून रडला. मग तोंड धुऊन आला आणि मुकादमाला फोन लावला. मी शेजारीच होते. तो म्हणाला, "अर्धा धरा मला. उद्या येतो."

वन्सं शुद्धीवर आल्या तरी तो गेल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. कामात असेल, बाहेर असेल, असं म्हणत वेळ मारून नेली. वॉर्डात आणल्यावर सविता भेटायला आली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या पोटाकडे बघितलं आणि मला विचारलं, "मंग कोन गेलं?"

"सहादेव गेला. अर्धा."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "माज्यामुळं अर्धा झाला," म्हणाल्या.

माझा इतक्या दिवसांचा राग तिथे वर आला. "तुमी मेल्या असत्या मंजी पुरा झाला असता काय?" मी म्हणाले. नर्स धावत आली आणि मला बाहेर काढू लागली. वन्संनी हात वर करून तिला थांबवलं. "ऱ्हाऊ द्या तिला. ती अशीच बोलती."

तेवढ्यात सविताचा मोबाईल वाजला. फडातून सहादेव. तिने फोन सासूच्या कानाला लावला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"जेवला का?" वन्संनी विचारलं.

"जेवलो."

"भाकरी कुनी केल्या?"

जोडीदार गडीही अर्धा, त्याची बायको नव्हती. "मीच थापल्या," सहादेव म्हणाला. "जाड झाल्या. मधी कच्च्या ऱ्हाइल्या."

वन्संच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, पण आवाज त्यांनी हलू दिला नाही. "पानी कडत घेतलं हुतं का? गार पान्यानं चिरा पडत्यात. पीठ लई वेळ मळायचं, तळहातानं. थापताना परातीत पीठ पसरायचं आन् बोटं न्हाई, तळवा फिरवायचा. तव्यावर टाकली की वरनं पानी लाव. पानी सुकायच्या आत उलटायची. मंग आराला लावायची. घाई करू नगं." मधेच थांबून त्या श्वास घेत आणि पुन्हा सांगायला लागत. नर्स म्हणाली, आजी, बोलू नका, आराम करा. त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. पलीकडून तो लहान पोरासारखा व्हय, व्हय म्हणत होता.

सविता तोंडाला पदर लावून उभी होती. मी खिडकीकडे वळले, कारण मलाही आवरेना. भाकरी कशी थापायची ते विचारायला त्या पोराला आई होती. फोन ठेवल्यावर वन्संनी डोळे पुसले आणि माझ्यापुढे हात पसरला.

"आन ती प्रेशरची गोळी," म्हणाल्या. "उद्या त्यो डाळीचं इचारंल."